कारणाचा रकाना

सरांवरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. पन्नास वर्षं होत आली, सर जाऊनही बरीच वर्षं झाली. पण आजही कुणी साध्या प्रश्नाला "बघून सांगतो" म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जाते आणि सर पुढ्यात उभे राहतात. किडकिडीत अंग, गळ्यात काळ्या दोऱ्याने अडकवलेलं भिंग, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर, आणि डाव्या दंडावर टाचणीने लावलेली लाल कापडाची पट्टी.

त्या पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाखाली झाकलेला असे. उन्हाने रंग किती उडतो ते सरांना बघायचं होतं. सोलापुरात उन्हाला काय तोटा, गच्चीवरच्या दोरीवर पट्टी टांगली असती तरी भागलं असतं. पण सर म्हणत, दोरीला घाम येत नाही. माणसाला येतो, आणि कापड माणूस घालतो. तेव्हा पट्टी दंडावर. वर्गात, बाजारात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

एकदा ते कुणाला तरी आणायला स्टेशनवर गेले होते. गाडीतून उतरलेल्या एका कुटुंबाने दंडावरचं लाल कापड बघितलं आणि हाक मारली, "ए हमाल." दुसरा कुणी असता तर चिडला असता किंवा हसला असता. सरांनी ट्रंक उचलली. टांग्यापर्यंत नेली, पण वाटेत पार्सलच्या काट्यावर ठेवून तिचं वजन केलं. मग त्या गृहस्थांना विचारलं, "तुमच्या अंदाजाने किती असेल?" ते म्हणाले, वीस किलो. सर म्हणाले, "एकतीस," आणि निघून गेले. ज्यांना आणायला गेले होते ते पाहुणे तोवर रिक्षा करून घरी पोचले होते. ही गोष्ट सरांनीच आम्हांला वर्गात सांगितली. आम्ही हसलो तेव्हा त्यांना कळेना, हसायला काय झालं. त्यांच्या लेखी गोष्टीचा मुद्दा एवढाच होता की लोकांना वजनाचा अंदाज येत नाही.

शिकवायला ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या हाताखाली शिकणं म्हणजे छळ होता. त्यांच्या तोंडी एकच शब्द, "पुन्हा." उत्तर चुकलं तर पुन्हा. बरोबर आलं तरी पुन्हा, कारण एकदा बरोबर येणं हा योगायोग असू शकतो. "छान", "शाब्बास" हे शब्द त्यांनी कधी उच्चारले नाहीत. फारच खूश झाले तर म्हणत, "चुकीचं दिसत नाही." माझी मैत्रीण विमल, तिला आठवीत एकदा हे ऐकायला मिळालं होतं. दहावीपर्यंत ती ते सगळ्यांना सांगत होती. मला तीन वर्षांत एकदाही मिळालं नव्हतं, आणि वर्गात पहिला नंबर माझा असे.

सरांचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे. बोलायचे स्वच्छ मराठी, पण मोजायचे कानडीत, ओठांतल्या ओठांत. "ओंदु, एरडु, मूरु" असं पुटपुटणं कानावर आलं की आम्ही आपापली उत्तरं पुन्हा तपासायला लागत असू. सर मोजायला लागले म्हणजे कुठेतरी काहीतरी चुकलेलं सापडणार, हे ठरलेलं.

आणि ती वही. दुकानदारांची असते तशी लांबट, लाल पाठीची. तिच्यात चार रकाने आखलेले. तारीख, वेळ, चूक, कारण. पहिले तीन रकाने सर भरायचे, कारण मात्र ज्याची चूक त्याने स्वतःच्या अक्षरात लिहायचं. "घाई", "दुर्लक्ष", "विसरले" असलं लिहिलं की ते सरळ खोडून टाकत. म्हणत, "ही कारणं नाहीत. ही चुकीचीच दुसरी नावं आहेत. पुन्हा." एकदा हेडमास्तरांनी शाळा तीन मिनिटं लवकर सोडली, तर सर वही घेऊन थेट त्यांच्या खोलीत गेले. हेडमास्तर भला माणूस. त्यांनी मुकाट्याने लिहिलं, "घरी सासरची मंडळी यायची होती." ते खोडलं गेलं नाही.

आता माझ्या रागाचं मूळ सांगते.

मी दहावीत असताना जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात शाळांसाठी संशोधनाची स्पर्धा ठेवली होती. नुसती मॉडेलं नकोत, मुलांनी स्वतः काही शोधून काढावं, असं परिपत्रक आलं. मला ती स्पर्धा जिंकायचीच होती, आणि त्याला कारण होतं. मला सायन्सला जायचं होतं. माझे वडील गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. तयार झालेलं कापड टेबलावरून सरकत जायचं आणि बाबा त्यातले डाग, तुटके धागे हुडकून निळ्या पेन्सिलीने खुणा करायचे. ती पेन्सिल घरीसुद्धा त्यांच्या कानावर असे. करमाळ्याकडचं गाव सोडून ते गिरणीत आले, त्याला वीस वर्षं झाली होती, पण बोली तिकडचीच राहिली होती. सायन्सचा विषय मी काढला तेव्हा ते म्हणाले, "जिल्ह्यात पयला नंबर आन, मग घालतो सायन्सला. न्हायतर टायपिंगचा क्लास लाव. पुढचं तुझी आई बघंल." आई काय बघणार होती ते मला माहीत होतं. बार्शीच्या एका स्थळाचं बोलणं घरात सुरू झालं होतं.

मी सरांना म्हटलं, आपण ज्वालामुखी करू. चटकन दिसतो, धूर येतो, परीक्षक थांबतात. सर म्हणाले, "ज्वालामुखीत काय होतं ते तुला माहीत आहे. मग शोधायचं काय?"

प्रश्न शेवटी आमच्या चाळीतूनच आला. चाळीतल्या बायकांचं नेहमीचं भांडण होतं की लाल चादरीचा रंग नळाच्या पाण्यात जास्त जातो आणि आडाच्या खाऱ्या पाण्यात कमी. कुणी म्हणे खरं, कुणी म्हणे खुळचट समजूत. सर म्हणाले, "हे मलाही माहीत नाही. करू."

कापड दिलं नरसय्यामामांनी. पूर्व भागात त्यांचे घरचे चार माग होते आणि परसात खाऱ्या पाण्याचा आड होता. घरात तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी. आम्ही एकाच ताग्यातून चोवीस लाल पट्ट्या कापल्या, प्रत्येकीला एक पांढरी पट्टी जोडून शिवली, आणि काळ्या दोऱ्याने वर नंबर काढले. धुताना लाल पट्टीचा रंग पांढरीवर उतरतो. तो किती उतरला ते सरांनी बनवलेल्या तक्त्याशी ताडून बघायचं. तक्त्यावर पांढऱ्यापासून गर्द गुलाबीपर्यंत दहा छटा होत्या. बारा पट्ट्या शाळेच्या नळावर धुवायच्या, बारा मामांच्या आडावर, प्रत्येक पट्टी दहा वेळा. पाणी दोन लिटर, साबण एका मापाचा, चोळणं मोजून तीस वेळा. आडावरच्या पट्ट्या मामांच्याच दोरीवर वाळायच्या.

तिसऱ्या धुण्यापर्यंत सगळ्याच पट्ट्या थोड्याथोड्या गुलाबी होत होत्या. चौथ्यापासून मात्र नवल घडलं. नळावरच्या आणखी गुलाबी होत गेल्या, आणि आडावरच्या होत्या पांढऱ्याशुभ्र. विमल तर एका पट्टीवरचा नंबर दाखवून म्हणाली, "बघ की, माझा हात किती बसलाय शिवणकामात. लई सुबक आलाय." मीही बघितलं, आणि खरंच सुबक आला होता. त्यात काही वावगं आहे हे आम्हां दोघी शहाण्यांच्या लक्षात आलं नाही.

मी धावत सरांकडे गेले. सरांनी पट्ट्या पाहिल्या, बराच वेळ पाहिल्या, आणि म्हणाले, "पुन्हा."

ऐन दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळं पुन्हा केलं. नवीन चोवीस पट्ट्या, पुन्हा दहा-दहा धुणी. साबणाने बोटांची सालं निघाली. निकाल तोच. आडाचं पाणी जिंकलं. या वेळी सर "पुन्हा" म्हणाले नाहीत. प्रदर्शनात न्यायच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात त्यांनी स्वतः निष्कर्ष लिहून दिला की खाऱ्या पाण्यात लाल रंग टिकतो, आणि लिहून झाल्यावर जरा मागे सरून त्याच्याकडे बघत राहिले. सरांना एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

प्रदर्शन सोलापुरातच होतं, जानेवारीतल्या एका रविवारी. आमच्या शेजारी श्रीपूरकडच्या एका शाळेने साखर कारखान्याचं मॉडेल मांडलं होतं. एका बाजूने उसाची कांडी घातली की दुसऱ्या बाजूने चमचाभर साखर पडे. ती साखर आत आधीच भरून ठेवलेली असणार असं माझं तेव्हापासूनचं मत आहे, पण परीक्षकांनी ती दोनदा खाल्ली. तरी फेरी संपताना त्यातले एक जण आमच्या पट्ट्यांपाशी परत आले आणि म्हणाले, "हे खरं संशोधन." मी विमलचा हात एवढा दाबला की ती ओरडली.

साडेअकराला नरसय्यामामा आणि मामी आले. मामांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं, मामींनी ठेवणीतलं लुगडं. आपल्या मागाचं कापड प्रदर्शनात लागलंय म्हणून दोघं मुद्दाम आले होते. मामांनी आडाच्या पट्ट्या पाहिल्या आणि मान डोलावली. मग नळाच्या पट्ट्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा पडला.

"तल्ली, हे गुलाबी झालेले कशाला लावले?" ते मला बाजूला घेऊन म्हणाले. लेकीबाळींना ते असंच तेलुगूत "तल्ली" म्हणत. "माझ्या मागाचं नाव हाय की त्याच्यावर. लोक काय म्हणतील, नरसय्याचा रंग कच्चा. मी तर तुमचे सगळे बदलून दिलते."

"काय बदलून दिलं, मामा?"

"पट्ट्या. रोज दोरीवर बघायचं, माझं कापड रंग सोडतंय. बघवेना की. तिसऱ्या धुण्याला पक्क्या रंगाचं दुसरं कापड होतं घरात, त्याच्या कापल्या. हिनं पांढऱ्या जोडून नंबर शिवले, तुमच्यासारखे. दुसऱ्या खेपेला तर पहिल्याच दिवशी बदलल्या. शाळेतल्या पण आणून दिल्या असत्या तर त्या पण बदलल्या असत्या."

त्यांच्या डोळ्यांत लबाडीचा लवलेश नव्हता. पाहुणा घरी आला की फाटकी चादर आत टाकून नवी अंथरतात, तेवढंच त्यांनी केलं होतं. आमचा तो प्रयोग होता आणि रंग जाणं हेच आम्हांला बघायचं होतं, हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

मी काय केलं? मी मामांना म्हटलं, "मामा, तिकडे साखरेचा कारखाना बघून या. साखर मिळते." ते गेले. विमलने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गप्प बस." ती म्हणाली, "बसते की." दाराशी बाबा नुकतेच येऊन उभे राहिले होते, पांढरी टोपी, कानावर पेन्सिल. आज पेन्सिल तरी घरी ठेवायची, असं मनात आलं. मी त्यांच्याकडे बघून हसलेसुद्धा.

परीक्षक शेवटच्या फेरीला आले. मुख्य परीक्षक कॉलेजातले प्राध्यापक होते. त्यांनी मला दोन-तीन प्रश्न विचारले, मी धडाधड उत्तरं दिली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली, आणि जाता जाता, नुसतं बोलायचं म्हणून सरांना विचारलं, "हे सगळे एकाच कापडातले तुकडे ना?"

जगातल्या कुठल्याही मास्तराने "हो" म्हटलं असतं. सरांनाही वाटत होतं की उत्तर हो आहे. पण सर म्हणाले, "मोजून सांगतो."

भिंग डोळ्याला लावून त्यांनी नळाची एक पट्टी घेतली. परीक्षक अवघडून उभे. मला ते पुटपुटणं ऐकू यायला लागलं. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. मग आडाची पट्टी. पुन्हा ओंदु, एरडु. मग दुसरी आडाची, मग तिसरी. सरांनी भिंग खाली केलं.

"नाही," ते म्हणाले. "हिच्यात इंचाला चव्वेचाळीस धागे आहेत. हिच्यात अठ्ठेचाळीस. हे एका कापडातले नाहीत."

"अहो, मग?" प्राध्यापक म्हणाले.

"मग निष्कर्ष बाद," सर म्हणाले. त्यांनी खडू घेतला आणि आमच्या फळ्यावर, स्वतःच्याच सुंदर अक्षरातल्या वाक्यावर, आडवी रेघ मारून खाली लिहिलं, "बाद. चूक मार्गदर्शकाची."

पहिला नंबर साखरेला गेला. पट्ट्या कशा बदलल्या ते मामांनी मग सरांनाही सांगितलं. मी दाराकडे बघितलं तेव्हा बाबा तिथे नव्हते.

परत येताना विमल तिच्या भावाबरोबर गेली. सर सायकल हातात धरून चालत होते, मी मागून. तलावाच्या कडेने जाताना माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "सर, मला आधीच माहीत होतं. मामांनी मला सांगितलं होतं."

सर थांबले. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं, मलाही रागावता आलं असतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"साडेअकरापासून."

त्यांनी सायकल स्टँडवर लावली, पिशवीतून वही काढली, आणि भर रस्त्यात लिहिलं. तारीख. वेळ, साडेअकरा ते बारा दहा, चाळीस मिनिटे. चूक, माहीत असून सांगितले नाही. मग वही आणि पेन माझ्यापुढे धरलं. "कारण."

मी म्हटलं, "सर, आज नको." खरं तर मला ती वही तलावात भिरकावायची होती. माझं सगळं गेलं होतं, आणि हा माणूस मला रकाना भरायला सांगत होता. सर म्हणाले, "बरं," आणि वही पिशवीत ठेवली.

घरी बाबा एवढंच म्हणाले, "नंबर आला न्हाय. आता बोलाय काय ऱ्हायलंय?" आईने बार्शीला पत्र टाकायला सांगितलं. मी परीक्षेचा अभ्यास केला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आणि दर सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात सर भेटत आणि विचारत, "कारण लिहितेस का?" एकदा मी लिहिलं, "भीती." त्यांनी खोडलं. एकदा लिहिलं, "माहीत नाही." तेही खोडलं. मार्चमध्ये परीक्षा झाली तेव्हा मला वाटलं, सुटले या माणसाच्या तावडीतून.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता चाळीच्या दारात सायकलची घंटा वाजली. सर होते. कॅरियरला दोन्ही बाजूंनी दोन डबे लटकावलेले, एकात आडाचं पाणी, एकात नळाचं. हँडलला पट्ट्यांची पिशवी.

बाबा दाढी करत होते. सर त्यांच्यापुढे बसले आणि म्हणाले, "तुमची मदत हवी आहे. प्रयोग पुन्हा करायचा आहे. कापड नवीन आणलंय, धागे मोजून. धुणार मी आणि ही. पण कुठली पट्टी कुठल्या पाण्यातली हे आम्हां दोघांना माहीत असणार, आणि आम्हांला हवा तोच निकाल दिसणार. म्हणून आमचे डोळे चालणार नाहीत. तुम्ही दिवसभर कापडच बघता."

बाबांनी वस्तरा खाली ठेवला. "मास्तर, झालं की आता ते परदर्शन."

"प्रदर्शन झालं. प्रयोग झालेला नाही. तुम्ही हिला नंबराची अट घातली होती म्हणे. पण प्रयोगच झाला नाही, तर नंबर आला नाही असं तरी कसं म्हणता येईल?"

"असं बी म्हनता येतंय व्हय?" बाबा म्हणाले. पण पट्टी त्यांनी हातात घेतली होती, आणि अंगठ्याने तिचा पोत बघत होते.

पाच रविवार. एप्रिलमधलं सोलापूर, नळाला एक दिवसाआड पाणी, आणि आमच्या दारात हा माणूस चिंध्या धुतोय. अख्खी चाळ गॅलरीत उभी राही. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "लोकास्नी प्यायला पानी न्हाय आन् ह्यो माणूस पट्ट्या धुतोय." सर म्हणाले, पाणी माझं आणलेलं आहे. आई म्हणाली, "मग ते डबं तरी हितं ठिवून जावा." दुसऱ्या रविवारी तिने चहा दिला, तर सरांनी कपात थर्मामीटर घातला. त्यानंतर आईने सरांना चहा दिला नाही, ताक दिलं. त्यातही त्यांनी घातला.

पट्ट्यांवर नवे नंबर होते. कुठला नंबर कुठल्या पाण्याचा ते बाबांना माहीत नव्हतं. ते उजेडाकडे पट्टी धरत, तक्त्याशी लावत आणि आकडा सांगत. मी लिहून घेत असे. तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, "साडेतीन."

"तक्त्यात साडेतीन नाही," सर म्हणाले.

"तक्त्यात नसंल. पट्टीत हाय."

सरांनी पट्टी घेतली, भिंगातून बघितली, खिडकीपाशी नेऊन बघितली. मग खाली बसले आणि लाल शाई पाण्यात कालवून तक्त्यात मधल्या छटा घालायला लागले. सर दुसऱ्याच्या सांगण्यावरून तक्ता बदलत होते. बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. जानेवारीनंतर ते पहिल्यांदाच माझ्याकडे असे बघत होते.

पाचव्या रविवारी मी आकड्यांची बेरीज केली. आडाच्या पट्ट्या नळाच्या पट्ट्यांहून एका छटेने फिकट होत्या. एकाच. पण होत्या. म्हणजे बायकांचं म्हणणं खरं होतं, थोडंसं. मामांनी हात लावला नसता तरी आमच्याकडे निकाल आला असता, लहानसा, पण खरा. मला रडावं की कुणाला तरी बदडावं ते कळेना.

सरांनी वही काढली. "आज पान भरायचं," ते म्हणाले. "पुढचं पान लागतंय." बाबा खिडकीत बसून बघून झालेल्या पट्ट्या गोळा करत होते.

मी वही घेतली, आणि पहिल्यांदाच ते अख्खं पान वाचलं. प्रदर्शनाच्या तारखेला तीन चुका होत्या. पहिली मामांची, पट्ट्या बदलल्या. कारणाच्या रकान्यात मामांनी तेलुगूत दोन ओळी लिहिल्या होत्या आणि खाली सरांनी त्यांनाच विचारून मराठी करून ठेवलं होतं, "माझ्या मागाची लाज वाटली." तिसरी माझी, रकान्यात नुसती दोन खोडलेली कारणं. मधली चूक सरांची होती. निकाल आल्यावर धागे मोजले नाहीत. आणि पुढे, त्यांच्या नेहमीच्या ताठ अक्षरात, कारण, "निकाल फार आवडला होता."

मी ते दोन-तीनदा वाचलं. त्या माणसाला काही आवडू शकतं, असं मला तीन वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. फळ्यापासून मागे सरून बघत राहिलेले सर मला आठवले. त्यांनी ती रेघ कशी मारली असेल, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

मी लिहिलं, "मला सायन्सला जायचं होतं. खरं सांगितलं असतं तर जाता आलं नसतं."

सरांनी वाचलं. खोडायला उचलावं तसं पेन उचललं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"चुकीचं दिसत नाही," ते म्हणाले. आणि वही बाबांकडे सरकवली.

बाबा एकेका अक्षराखाली बोट धरून वाचत. वाचताना त्यांचा हात सवयीने कानाकडे गेला, निळी पेन्सिल खाली आली. ती थोडा वेळ त्या ओळीवर तशीच धरलेली होती. मग त्यांनी ती परत कानावर ठेवली.

"मास्तर," ते म्हणाले, "सायन्सचा फारम कवा भरायचा असतो?"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल, दोन शब्द, कुठलेही. सर म्हणाले, "निकाल लागला की, जूनमध्ये. त्याआधी आठ नंबर पुन्हा बघा. गेल्या रविवारी तुम्ही चार म्हणालात. मघाशी साडेतीन म्हणालात. धुतल्यावर रंग वाढेल, कमी कसा होईल?"

मला अक्षरशः किंचाळावंसं वाटलं. पण बाबा निमूट उठले, आठ नंबरची पट्टी घेऊन खिडकीपाशी गेले, उजेडाकडे धरली.

"चार," ते म्हणाले. "चुकलंच की."

वीस वर्षं डाग हुडकणारा माणूस, त्याची चूक अशी अख्ख्या चाळीसमोर निघाली, आणि सरांनी शांतपणे वही उघडून तारीख, वेळ, चूक भरली आणि शेवटचा रकाना त्यांच्यापुढे धरला. बाबांनी पेन घेतलं नाही. निळी पेन्सिल घेतली. त्यांना लिहायला वेळ लागे, आम्ही सगळे थांबलो. सरांनी वाचून वही मिटली, काही खोडलं नाही, आणि डबे सायकलला लावून निघून गेले.

सर वारले तेव्हा ती वही मी मागून घेतली. बाबांची ओळ त्या पानाच्या तळाशी आहे, पेन्सिल जरा पुसट झाली आहे, पण वाचता येते. आठ नंबर, साडेतीन. कारण, "पोरगी लिवत व्हती, तिच्याकडं बघत व्हतो."